अपक्ष आमदार कशातून कळतो : मतांच्या नोंदीतून की तारांकित प्रश्नांतून?

पक्षाच्या आमदाराने सभागृहात मत कुणाला दिले, हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नसतो. व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षाचा आदेश, निघतो, तो पाळला जातो आणि नोंदीत दिसतो तो पक्ष. अपक्षाला व्हिप नाही. त्याचे मत त्याचे एकट्याचे. म्हणून मतदार असो, तालुक्याचा वार्ताहर असो की राज्यशास्त्राचा विद्यार्थी, अपक्षाचा पाच वर्षांचा हिशेब काढायला बसलेला माणूस पहिल्यांदा मतदानाची नोंद मागतो. दुसरा रस्ता प्रश्नांचा : तारांकित (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे ते), लक्षवेधी, अर्धा तास चर्चा आणि त्यांवर उठून विचारलेले उपप्रश्न. दोन्हींकडून जाऊन पाहिल्यावर माझा कल दुसऱ्याकडे झुकला. पहिला रस्ता टाकाऊ आहे असे नाही. पण विधानसभेपुरता तो फार लवकर संपतो.

किती लवकर, ते २०१९ च्या विधानसभेवरून पाहता येते. त्या निवडणुकीत १३ अपक्ष निवडून आले होते. पाच वर्षांत सरकारच बदलले, त्यामुळे अपक्षांच्या मतांना एरवी नसते एवढी किंमत आली. तरी कोण कोणत्या बाजूला हे उघडपणे मोजले गेले, असे ठळक प्रसंग तीनच. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव झाला : बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ ४, आणि भाजपचा सभात्याग. ३ जुलै २०२२ ला अध्यक्षपदाची निवडणूक : राहुल नार्वेकर १६४, राजन साळवी १०७. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव : १६४ विरुद्ध ९९. तिन्ही वेळा शिरगणती झाली, म्हणजे सदस्य एकेक करून उभे राहिले आणि मोजले गेले. टीव्हीवर सगळ्या राज्याने पाहिले.

हे तीन दिवस सोन्यासारखे आहेत, यात शंका नाही. तुमचा आमदार २०१९ च्या १६९ मध्ये होता का आणि २०२२ च्या १६४ मध्ये होता का, एवढे दोन चौकोन भरले तरी बरेच कळते. शिरोळचे राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष म्हणून निवडून आले, ठाकरे सरकारात राज्यमंत्री झाले आणि जून २०२२ मध्ये शिंदे यांच्याबरोबर गेले. असा प्रवास तारखांनिशी मांडता येतो.

पण यातून कळते ते एवढेच की आमदार कोणत्या सरकारबरोबर होता. त्याचे राजकारण काय, ते यात येत नाही. जुने उदाहरण १९९५ चे. तेव्हा तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८, बहुमताला हवेत १४५. उरलेली भर अपक्षांनी घातली. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील त्या खेपेला अपक्ष होते आणि युतीच्या सरकारात मंत्री होते. १९९९ ला ते पुन्हा अपक्ष म्हणूनच आले आणि आघाडीच्या सरकारातही मंत्री झाले. विश्वासदर्शक ठरावांची नोंद घेऊन त्यांची भूमिका लिहायला बसलात तर हाती एकच शब्द येईल : सरकार. अपक्षांच्या बाबतीत ही नोंद बहुतेक वेळा हाच शब्द सांगते. तो खोटा नसतो, अपुरा असतो.

आता मला या रस्त्यावरून परत फिरवणारी गोष्ट. ती एका वाक्यात मावते आणि ते वाक्य कार्यवाहीच्या पानोपानी सापडते : प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला.

या वाक्यात माणूसच नाही. कुणी टाकला ते अध्याहृत, कुणी संमत केला ते गायब. विधेयक असो, पुरवणी मागण्या असोत की विनियोजन विधेयक, अध्यक्ष 'होय'वाल्यांना विचारतात, 'नाही'वाल्यांना विचारतात, दोन्हीकडून आवाज येतो आणि होयचे बहुमत जाहीर होते. कुणी पोल, म्हणजे मतविभाजन, मागितला आणि तो मिळाला तरच नावे कागदावर येतात. व्हिप नसलेला जो एकमेव सदस्य, ज्याचे मत खरोखर त्याचे स्वतःचे, त्याचाच आवाज त्या गलक्यात विरघळतो. पक्षाच्या आमदाराचे मत नोंदले गेले नाही तरी फार बिघडत नाही, पक्ष कुठे होता ते ठाऊक असते. अपक्षाच्या मागे तसा अंदाज बांधायला पक्षही नाही.

हे किरकोळ विधेयकांपुरतेच असते तर सोडून दिले असते. १२ नोव्हेंबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला तो आवाजी मतदानाने. विरोधकांनी मतविभाजन मागितले, गदारोळ झाला, ठराव संमत झाला. त्या सभागृहात ७ अपक्ष होते. सरकार तरेल की नाही हा प्रश्न असताना ते कोणत्या बाजूला होते, याचा नावानिशी पुरावा त्या दिवसाच्या मतदानातून मिळत नाही. ९ डिसेंबर २०२४ चा विश्वासदर्शक ठरावही आवाजीच. २० फेब्रुवारी २०२४ ला मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारे विधेयक एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात एकमताने संमत झाले. एकमत हा शब्द ऐकायला छान, पण नोंद पाहणाऱ्यासाठी तो कुलूप आहे.

१० जुलै २०२५ ला महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांचा विरोध आज सगळ्यांना माहीत आहे. तो मतमोजणीत दिसला म्हणून माहीत झाला नाही, त्यांनी तो उठून बोलून दाखवला म्हणून झाला. या विधानसभेत अपक्ष दोनच, जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील. त्या मतदानाच्या क्षणी ते काय म्हणाले, गप्प होते की सभागृहाबाहेर होते, हे मतदानाच्या नोंदीतून कळायला मार्गच नाही. यात त्यांचा दोष नाही. दोष नोंदीचा आहे.

नावे मोजली जातात तेव्हाही एक खड्डा राहतो : यादीत नसलेले नाव. ३ जुलै २०२२ ला १०७ असलेला विरोधकांचा आकडा ४ जुलैला ९९ वर आला. एका रात्रीत आठ जणांचे मतपरिवर्तन झाले असे कुणी वाचले तर चुकेल. काही जणांनी बाजू बदलली हे खरे, पण काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले आणि तोवर सभागृहाची दारे बंद झाली होती. गैरहजर, तटस्थ, सभात्याग केलेला, दाराबाहेर अडकलेला, आणि त्या वेळी पीठासीन असलेला : पाचही जण यादीत सारखेच दिसतात, म्हणजे दिसत नाहीत. तटस्थांची नावे वेगळी नोंदली जातात तेव्हा त्यातला एक सुटतो, बाकी चार उरतात. पक्षाच्या आमदाराच्या अनुपस्थितीवर पक्ष खुलासा मागतो आणि ती बातमी होते. अपक्षाला खुलासा विचारणारे कुणी नाही.

ज्या मतदानात अपक्षाचा भाव सगळ्यात जास्त असतो, ते तर कायद्यानेच झाकलेले आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते. अपक्षाने ती कुणालाच दाखवायची नाही, दाखवली तर मत बाद. १० जून २०२२ ची निवडणूक आठवा. २८५ जणांनी मतदान केले, एक मत बाद ठरले, वैध मते २८४. पहिल्या पसंतीची मते अशी : पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. भाजपच्या तिघांची बेरीज १२३, आणि तेव्हा पक्षाचे आमदार १०६. म्हणजे १७ मते बाहेरून आली. अपक्ष १३, शिवाय लहान पक्षांचे आमदार. या १७ मध्ये कोण होते यावर निकालानंतर जाहीर आरोप झाले, नावे घेतली गेली. कागदावर मात्र त्यातले काहीही सिद्ध करता येत नाही आणि कधी येणारही नाही. विधान परिषदेच्या निवडणुकीत तर सगळ्यांचेच मतदान गुप्त. विधानसभा अध्यक्षाची निवडही डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलेपर्यंत गुप्त मतदानानेच व्हायची. तेव्हा 'आमच्या आमदाराने राज्यसभेला कुणाला मत दिले' याचे छातीठोक उत्तर देणारा भेटला की त्याचा चहा घ्यावा आणि उठावे.

लोकसभेचे वेगळे आहे. तिथला अपक्ष तपासायचा असेल तर मी सांगितलेला कल अर्धा उलटा करून घ्यावा लागेल. सांगलीचे विशाल पाटील २०२४ ला अपक्ष म्हणून निवडून आलेल्या सात जणांपैकी एक. अमरावतीच्या नवनीत राणा २०१९ ला काँग्रेस आघाडीच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून आल्या आणि २०२४ ला भाजपच्या उमेदवार होत्या. अशांच्या बाबतीत मतविभाजनाची यादी खरेच उपयोगी पडते, कारण तिथे मोठ्या विधेयकांवर पोल मागितला जातो आणि नावे छापली जातात. एकत्र निवडणुकांच्या घटनादुरुस्ती विधेयकावर १७ डिसेंबर २०२४ ला मांडणीच्या टप्प्यावरच विभाजन झाले, २६९ विरुद्ध १९८. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२. दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. यंत्रावर पहिल्यांदा झळकणारा आकडा अंतिम नसतो. डिसेंबरच्या त्या मतदानात आधी २२० विरुद्ध १४९ असे उमटले होते; बाकीची मते आणि दुरुस्त्या चिठ्ठ्यांवरून आल्या. त्यामुळे टीव्हीवरच्या पडद्याचे छायाचित्र पुरावा म्हणून वापरू नका, छापील वादविवादातली दुरुस्त यादी घ्या. आणि यादीत नावे वर्णक्रमाने असतात, त्यांपुढे पक्षाची पाटी शोधू नका. अपक्ष कोण हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवे.

पुन्हा विधानसभेकडे. प्रश्नांचा रस्ता लांब आहे, रटाळ आहे आणि त्यालाही आपली एक खोड आहे. तरी तो चालू राहतो. अधिवेशने वर्षाला तीन : अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचे हिवाळी. कामकाजाच्या बहुतेक दिवशी तारांकित प्रश्नोत्तरांची यादी निघते. तिचा साचा एकदा डोळ्यांत बसला की भराभर वाचता येते. वर प्रश्नाचा क्रमांक, मग सदस्यांची नावे आणि कंसात मतदारसंघ, मग 'सन्माननीय जलसंपदा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय'. नंतर उपविभाग : अमुक तालुक्यातील कालव्याच्या अस्तरीकरणाचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली मंत्र्यांचे उत्तर : हे अंशतः खरे आहे. मग दोन ओळी. मग शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही'.

खोड ही की एका प्रश्नावर नावे किती असावीत याला धरबंध नाही. वीस-पंचवीस नावे एका ओळीत येतात आणि त्यात तुमच्या अपक्षाचे नाव सतरावे असते. त्यामुळे 'आमदार साहेबांनी पाच वर्षांत इतके शे प्रश्न विचारले' असे कार्यअहवालात छापलेले असते, त्या आकड्याला मी शून्य किंमत देतो. तो आकडा खोटा नसतो. पण सह्यांच्या गठ्ठ्यातले आपले नाव आणि आपण लिहिलेला प्रश्न यांत कार्यअहवाल फरक करत नाही. आणि आकडे दोन विधानसभांमध्ये तर जोडूच नयेत. करोनाच्या काळात अधिवेशने दोन-दोन दिवसांत गुंडाळली गेली. सप्टेंबर २०२० च्या ७ आणि ८ तारखेला झालेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हताच. २०१९ च्या आमदाराचे प्रश्न २०१४ च्यापेक्षा कमी भरले म्हणून तो आळशी ठरत नाही.

तेव्हा मोजायचे नाही, वाचायचे. आधी पहिले नाव कुणाचे ते पाहा. प्रश्न बहुधा त्याचा असतो. त्याहून चांगली खूण म्हणजे नावांच्या ओळीत एकच नाव. एकट्याच्या नावावरचा तारांकित प्रश्न अपक्षाच्या बाबतीत सगळ्यात बोलका, कारण त्याला जोड द्यायला पक्षाचे कार्यालय नसते. विषय निवडणे, माहिती काढणे, मसुदा लिहिणे हे त्याच्या स्वतःच्या माणसांनी केलेले असते. मग ज्या थोड्या प्रश्नांची पाळी सभागृहात प्रत्यक्ष येते, त्यांची कार्यवाही उघडा. छापील यादीतली पंचवीस नावे तिथे गळून पडतात आणि उपप्रश्न विचारायला उठलेले तीन-चार उरतात. तुमचा अपक्ष त्यात असेल तर त्याने उत्तरातल्या कोणत्या शब्दावर बोट ठेवले ते पाहा. 'अंशतः खरे' यातला खरा अंश कोणता, असे विचारणारा वेगळा आणि 'मंत्री महोदयांचे आभार मानून' गावच्या पुलाचे काम मागणारा वेगळा. दोघेही आपल्या जागी ठीक, पण तुम्हाला दोघांतला कोणता हवा ते तुम्ही ठरवायचे आहे.

प्रश्न घेतलेली खाती मांडून पाहणे ही माझी आवडती कसोटी. सरकार बदलले त्या विधानसभेत ती फार छान चालते. डिसेंबर २०२१ चे मुंबईतले अधिवेशन घ्या (२२ ते २८ तारीख) आणि डिसेंबर २०२२ चे नागपूरचे घ्या (१९ ते ३०). मध्ये जून-जुलै २०२२ ची उलथापालथ आहे. एकाच अपक्षाचे दोन्हीकडचे प्रश्न समोरासमोर ठेवा. आधी ऊर्जा, गृह, महसूल या खात्यांवर तुटून पडणारा नंतर अचानक ग्रंथालये आणि क्रीडासंकुलांकडे वळला का? की आधीही कालवा विचारत होता आणि नंतरही कालवाच विचारतो आहे, मंत्री कोणीही असो? सरकार बदलल्यावरही ज्याचा विषय बदलत नाही, त्याची भूमिका तुम्हाला सापडली. शिरगणतीत हा माणूस दोन्ही वेळा सत्तेच्या बाजूला दिसलेला असू शकतो. नुसती मते वाचणारा त्याला संधिसाधू म्हणेल आणि ते अन्यायाचे होईल. उलटही होते : मते एकाच बाजूची, पण त्या बाजूचे सरकार आल्यावर प्रश्नच बंद.

रिकामी जागा इथेही फसवते, हे सांगायला हवे. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. यड्रावकर यांच्यासारखा अपक्ष राज्यमंत्री असेल तर त्या काळातल्या याद्यांत त्याचे नाव विचारणाऱ्यांत नसणारच. तिथे त्याने दिलेली उत्तरे वाचावी लागतात, आणि ती उत्तरे खात्याने लिहिलेली असतात. अशा आमदारापुरते मी हात टेकतो आणि मतांकडे परत जातो. पण ही रिकामी जागा का रिकामी आहे ते निदान कळते. शिरगणतीतल्या रिकाम्या जागेचे तेही कळत नाही. माझ्या दृष्टीने तराजू इथेच कलतो.

भाषणांचे काय, असे कुणी विचारील. भाषणे वाचावीत, पण अपक्षाच्या भाषणाची लांबी पाहू नये. चर्चेचा वेळ संख्याबळावर वाटला जातो. अपक्षाला मिळतो तो उरलेला. नियम २९३ खालच्या, म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरच्या चर्चेत रात्री उशिरा मिळालेल्या चार मिनिटांत चार मुद्दे मांडणारा आमदार, दुपारी पाऊण तास बोलणाऱ्या गटनेत्यापेक्षा जास्त तयारीचा असू शकतो. कपात सूचनांकडे, म्हणजे खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असे सुचवणाऱ्या सूचनांकडे, मात्र जरूर पाहावे. त्या गठ्ठ्याने मांडल्या जातात आणि गठ्ठ्यानेच फेटाळल्या जातात, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसते. पण खर्चाच्या कोणत्या बाबीवर त्याला बोट ठेवावेसे वाटले ते त्यात लेखी असते.

जाहीर वक्तव्यांवरून भूमिका ठरवू पाहणाऱ्यांना एक कायदेशीर बाब माहीत असायला हवी. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षात गेला तर अपात्र ठरतो. सरकारला पाठिंबा देणे म्हणजे पक्षात जाणे नव्हे. कर्नाटकात २०१० मध्ये पाच अपक्षांना अध्यक्षांनी अपात्र ठरवले होते, ते सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. अपक्षाने सरकारला पाठिंबा दिला, मंत्रिपद घेतले, तरी तेवढ्याने तो पक्षात गेला असे होत नाही. हरियाणात २००४ मध्ये मात्र काही अपक्षांचा काँग्रेसप्रवेश दूरचित्रवाणीवरच्या चित्रीकरणावरून सिद्ध धरला गेला, ते अपात्र ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. या दोन निकालांच्या मधल्या फटीत अपक्षाची सगळी भाषा तयार होते. म्हणून तो 'विकासासाठी सरकारसोबत' असतो, पक्षाच्या मेळाव्यात 'निमंत्रित' असतो, फलकावर नेत्याचे छायाचित्र असते पण चिन्ह नसते. पक्षप्रवेश करायचाच झाला तर घरातला दुसरा कुणी करतो. गोव्यात पर्वरीचे रोहन खंवटे यांनी डिसेंबर २०२१ मध्ये आधी आमदारकीचा राजीनामा दिला आणि मग भाजपमध्ये गेले, तो याच कलमामुळे सरळ मार्ग. थोडक्यात, अपक्षाच्या जाहीर वाक्यातला प्रत्येक शब्द वकिलाच्या चाळणीतून आलेला असतो. तारांकित प्रश्नाला ही भीती नसते. एखाद्या प्रश्नावरून कुणी अपात्र ठरत नाही, त्यामुळे तिथे माणूस जरा मोकळा सापडतो.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर : तिथली विधानसभा ४० जणांची, आणि एका मताची किंमत आपल्याकडच्या सात मतांएवढी. २०१७ च्या मार्चमध्ये मनोहर पर्रीकर यांनी २२ विरुद्ध १६ ने विश्वास मिळवला, त्या २२ मध्ये तिन्ही अपक्ष होते. २०२२ ला भाजप २० वर थांबला आणि पुन्हा तीन अपक्षांचा पाठिंबा आला. एवढ्या लहान सभागृहात मतांची नोंद अधिक बोलते, हे मान्य. तिथल्या वाचकाने माझा कल थोडा कमी करून घ्यावा.

विधान परिषदेतले अपक्ष हा वेगळाच प्रकार. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ प्रत्येकी सात, आणि तिथून येणाऱ्याचा मतदार ठरलेला. सत्यजीत तांबे २०२३ ला नाशिक पदवीधरमधून अपक्ष म्हणून आले. अशा सदस्याचे मत पाहण्यात वेळ घालवू नका. परिषदेत सरकार पडत नाही. भरती, परीक्षा, अनुदानित तुकड्या, जुनी पेन्शन यांवर त्याने काय विचारले तेच पाहा.

प्रत्यक्ष कामाला बसताना : विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच्या याद्या पीडीएफ आहेत आणि जुन्यांतल्या कित्येकांतला मजकूर युनिकोड नाही. आमदाराचे नाव टाकून शोधलेत आणि काही सापडले नाही, तर त्याने काही विचारले नाही असे समजू नका. अशा याद्या डोळ्यांनीच वाचाव्या लागतात, आणि तिथे नावापेक्षा कंसातला मतदारसंघ लवकर दिसतो. एका अधिवेशनाच्या याद्या सावकाश वाचायला एक रविवार जातो असे धरा. पाचही वर्षे वाचण्याची गरज नाही. पहिल्या वर्षातले एक अधिवेशन, सरकार बदलले असेल तर त्याच्या अलीकडचे व पलीकडचे एकेक, आणि शेवटचे अर्थसंकल्पी, एवढी चार पुरतात. मतदारसंघ मुंबईत असेल तर प्रजा फाउंडेशनचे वार्षिक प्रगतिपुस्तक तयार मिळते, पण ते मुंबईच्या ३६ जागांपुरतेच, आणि अपक्ष सापडतात ते बहुतेक मुंबईबाहेर.

मंत्र्याने उत्तरात 'चौकशी करू', 'बैठक लावू', 'कारवाई करू' असे म्हटले असेल तर ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीकडे जाते. त्याचे पुढे काय झाले हे आमदाराने विचारले का, ते पुढच्या अधिवेशनाच्या यादीत दिसते. नसेल दिसत तर माहितीच्या अधिकारात संबंधित खात्याकडे अर्ज टाका : शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. तेव्हा 'आमच्या आमदाराच्या सर्व प्रश्नांची माहिती द्यावी' असे लिहू नका, तो परत येईल. प्रश्नाचा क्रमांक, उत्तराची तारीख आणि त्यातले आश्वासनाचे नेमके वाक्य, एवढेच लिहा.